जुन्या डिझेल पिकअपची दुरुस्ती आणि बदल: कामाचा योग्य क्रम

बाजार समितीच्या आवारात पहाटे उभ्या राहणाऱ्या मालवाहू गाड्यांमध्ये महिंद्राची २५२३ सीसी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाची पिकअप आणि टाटा २०७ डीआय या दोन गाड्या आजही हमखास दिसतात. एवढे वय होऊनही त्या टिकून आहेत, याचे मोठे श्रेय यांत्रिक डिझेल पंपावर चालणाऱ्या त्यांच्या साध्या इंजिनाला जाते. या इंजिनात संगणक नाही आणि सेन्सरचे जाळेही नाही. पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), स्वच्छ फडके आणि संयम एवढ्या सामग्रीवर त्यातले बहुतेक दोष शोधता येतात. तरीही अशा गाड्यांची दुरुस्ती वारंवार फसते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कामाचा चुकलेला क्रम हेच असते. गाडी ओढत नाही किंवा सकाळी लवकर सुरू होत नाही असे म्हटले की सर्वप्रथम डिझेल पंप उतरवून पंपवाल्याकडे पाठवायचा, हा आपल्याकडचा रूढ प्रघात आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पंप हा सर्वांत शेवटी उघडण्याचा भाग आहे, कारण त्याच्या माथी मारले जाणारे बहुतेक दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत किंवा हवेच्या फिल्टरमध्ये दडलेले असतात.

पुढे दिलेल्या तपासण्या फक्त यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहेत. कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक दाबनळीतून संगणकाच्या नियंत्रणाने डिझेल फवारणाऱ्या, इंजिनाच्या नळ्यांमध्ये हजार बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथला कोणताही नट सैल करणे जिवावर बेतू शकते. आपल्या गाडीचे इंजिन कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

टाकीपासून पंपापर्यंत

डिझेल टाकीतून निघते, जाळीतून आणि पाणी वेगळे करणाऱ्या वाटीतून फीड पंपाकडे येते, तिथून फिल्टरमध्ये जाते आणि मग मुख्य पंपात पोहोचते. या मार्गातील टाकी ते फीड पंप हा टप्पा ओढीचा आहे, म्हणजे तिथे नळीत दाब नसून शोषण असते. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ओढीच्या बाजूला नळीला बारीक चीर पडली किंवा जोड सैल झाला, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. नळी वरून कोरडी दिसते, म्हणून ती निर्दोष ठरवली जाते आणि संशय थेट पंपावर जातो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, मिनिटभर चालून बंद पडते आणि दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर दिवसभर ठीक चालते, हे एअर धरल्याचे ठळक लक्षण आहे.

याची तपासणी स्वस्त आणि खात्रीची आहे. फिल्टर आणि मुख्य पंप यांच्यामध्ये तात्पुरती हातभर लांबीची, डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी क्लिपा लावून बसवावी. इंजिन सुरू करून ती नळी उजेडात पाहावी. सुरुवातीचे काही बुडबुडे निघून गेल्यावर प्रवाह काचेसारखा स्वच्छ राहिला पाहिजे. बुडबुड्यांची बारीक माळ सतत येत राहिली, तर मागच्या बाजूने एकेक जोड तपासत जावे. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे फीड पंपाच्या तोंडाशी वेगळी नळी जोडून तिचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडावे. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या भागात आहे, आणि तसेच राहिले तर फीड पंप, त्यावरचा हाताने डिझेल ओढण्याचा हातपंप किंवा फिल्टरच्या जोडात आहे. तपासणी झाल्यावर ही पारदर्शक नळी काढून मूळची नळी बसवावी, कारण इंजिनाच्या उष्णतेत ती कडक होऊन तडकते.

जोडांमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे बँजो बोल्टखालची (ज्याच्या पोकळीतून डिझेल जाते त्या बोल्टखालची) तांब्याची वॉशर. एकदा आवळलेली वॉशर चेपते आणि कडक होते; तीच पुन्हा लावून बोल्ट कितीही आवळला तरी जोड बसत नाही. वॉशर दोन्ही बाजूंनी नखाने चाचपून पाहावी. गोल खाच लागली तर ती बदलावी, आणि नवी मिळण्यासारखी नसेल तर लाल होईपर्यंत तापवून, थंड करून मऊ करावी आणि मगच वापरावी. दोन वॉशर एकावर एक चढवून वेळ मारून नेण्याची पद्धत मात्र टाळावी.

टाकीचे झाकणही तपासले पाहिजे. त्यातले हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले की डिझेल कमी होईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासानंतर गाडी दम सोडते. अशा वेळी झाकण उघडताच फुस्स असा आवाज आला आणि गाडी पुन्हा सुरळीत चालली, तर दोष सापडला असे समजावे. जुन्या टाकीच्या तळाशी गाळ, गंज आणि पावसाळ्यात साचलेले पाणी असते. वर्षातून एकदा तळाचा बोल्ट काढून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि तासभर स्थिर ठेवावे. पाणी तळाशी स्पष्ट दिसते.

एअर काढण्याची रीतही ठरलेली आहे. ओळीच्या पंपावर (ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठीचा घटक एका ओळीत असतो) आधी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस जाऊन डिझेलची अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा; धार थांबल्यावर आवळला तर हवा परत आत ओढली जाते. नंतर पंपावरच्या एअर स्क्रूलाही तसेच करावे. गाडी तरीही सुरू होत नसेल, तर नोझलकडच्या टोकाला दाबनळ्यांचे नट दीड-दोन आटे सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेलचे ठोके दिसू लागताच नट आवळावेत. या वेळी बोटे, तळहात किंवा चेहरा नळीच्या टोकाजवळ आणू नये. नोझलमधून सुटणारा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती गंभीर असते आणि दुखत नसली तरी लगेच रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

नोझल, आणि त्यानंतर पंप

डिझेलचा पुरवठा स्वच्छ आणि हवारहित असल्याची खात्री झाल्यावरच नोझलकडे वळावे. इंजिन गरम असताना आणि ते मंद गतीवर चालू ठेवून एका वेळी एका सिलिंडरच्या दाबनळीचा नट फडके धरून जरासा सैल करावा. निरोगी सिलिंडरची नळी सैल केली की इंजिन लगेच अडखळते. ज्या सिलिंडरची नळी सैल करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. आता त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवून तपासणी पुन्हा करावी. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब आहे. मूळ सिलिंडरमध्येच राहिला तर दाब, व्हॉल्व्ह किंवा पंपाचा तो घटक तपासावा लागेल. एवढ्या एका अदलाबदलीने हजारो रुपयांचा अनावश्यक खर्च वाचू शकतो.

नोझल उतरवल्यावर ते टेस्टिंग यंत्रावर पाहून घ्यावे. फवारा चहूकडे सारखा आणि धुक्यासारखा बारीक हवा, सुटताना कर्र असा स्पष्ट आवाज यायला हवा आणि दाब धरून ठेवला असता टोकावर थेंब जमता कामा नये. फवाऱ्याचा दाब इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा. प्यूजोच्या परवान्यावर बनलेल्या जुन्या महिंद्रा इंजिनांसारख्या इनडायरेक्ट (डिझेल आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) रचनेत तो कमी असतो, तर डीआय इंजिनांत बराच जास्त, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे चुकीचे ठरते. नोझलखालची जुनी तांब्याची वॉशर भोकात चिकटून राहिली आहे का हे टॉर्च लावून पाहावे, कारण तिच्यावर नवी बसली की नोझलची उंची बदलते आणि कॉम्प्रेशनही गळते. नाशिकच्या मायको कारखान्यात, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, अनेक दशके नोझल बनत आले आहेत, त्यामुळे आपल्या राज्यात अस्सल माल मिळणे अवघड नाही. अर्ध्या किमतीतले बनावट नोझल पिस्टनचे डोके जाळू शकते.

इथपर्यंत सर्व तपासूनही दोष राहिला, तरच पंप उतरवावा. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या तोंडावर आमनेसामने एक बारीक खूण कोरून ठेवावी, म्हणजे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) परत जागेवर आणणे सोपे जाते. पंपाच्या धूर-स्क्रूवरचे, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल सुटेल हे ठरवणाऱ्या स्क्रूवरचे, सील मात्र कधीही तोडू नये. “पंप थोडा वाढवून देतो, गाडी उडेल” असे सांगणारे कारागीर भेटतात. डिझेल वाढवल्याने दोन दिवस ओढ जाणवते हे खरे आहे, पण हवा तेवढीच राहते. उरलेले डिझेल काळ्या धुरातून आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढण्यात वाया जाते, सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंचे तापमान वाढते, आणि मालकाला पुढच्या वर्षी इंजिन काम काढावे लागते.

धूर, हवा आणि टॅपेट

धुराचा रंग उपयोगी असतो, पण त्यावरून घाईने निदान करू नये. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, थेंब गाळणारे नोझल, उशिरा झालेले टायमिंग किंवा निव्वळ जादा माल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे: रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यावरचे सील. पांढरा धूर थंड सकाळी येऊन इंजिन गरम झाल्यावर जात असेल तर ते न जळलेले डिझेल असते. तो दिवसभर टिकत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. धूर तपासणीत बीएस ४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एकके (धुराची दाटी मोजण्याचे माप) आणि बीएस ४ गाड्यांना ५० एकके अशी मर्यादा आहे. वर सांगितलेली कामे नीट झालेली जुनी गाडी या मर्यादेत बसवण्यासाठी वेगळी क्लृप्ती लागत नाही.

आपल्याकडच्या धुळीत इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू फिल्टरनंतरची नळी हा आहे. फिल्टर नवा असतो, पण त्याच्यापासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारी रबरी नळी खालच्या बाजूने तडकलेली असते, आणि उसाच्या फडातल्या रस्त्यावरची सगळी धूळ त्या चिरेतून रिंगांवर जाते. नळी काढून आतून स्वच्छ बोट फिरवावे. बोटाला तपकिरी पीठ लागले तर नळी त्याच दिवशी बदलावी. ऑइल-बाथ प्रकारच्या फिल्टरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास ते ओढले जाते, आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळत अनावर गतीने पळू शकते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, जुळवण्यासाठी चार सिलिंडरच्या इंजिनात फायरिंगचा १-३-४-२ हा क्रम कामी येतो. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतात तेव्हा पहिल्याचे गॅप जुळवावेत. दुसऱ्याचे हलतात तेव्हा तिसऱ्याचे, पहिल्याचे हलतात तेव्हा चौथ्याचे आणि तिसऱ्याचे हलतात तेव्हा दुसऱ्याचे. गॅपचा आकडा आणि इंजिन थंड हवे की गरम, हे पुस्तिकेतूनच घ्यावे. फिलर गेज ओढताना किंचित अडकावी, पण ढकलताना वाकू नये, एवढी घट्ट असावी.

गरम होणारी गाडी

खंबाटकी किंवा माळशेज घाटात तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकणे हा गॅरेजमधला सर्रास उपाय आहे, आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सपाटीवर आवश्यक तापमानाला पोहोचत नाही, डिझेल अर्धवट जळते, ऑइलमध्ये उतरते आणि लायनर लवकर झिजतात. मूळ दोष बहुधा रेडिएटरमध्ये असतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने नळ्यांमध्ये चुन्याचा थर बसलेला असतो, आणि बाहेरच्या जाळीत पाचट, कीटक आणि चिखल अडकलेला असतो. इंजिन गरम झाल्यावर ते बंद करून, पंखा थांबल्याची खात्री करून, रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवावा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या तुंबलेल्या आहेत. रेडिएटर उतरवून, टाक्या उघडून साफ करवून घ्यावा, झाकण आणि थर्मोस्टॅट नवा बसवावा, आणि त्यानंतर फक्त कूलंट व डिस्टिल्ड पाण्याचे मिश्रण भरावे. थर्मोस्टॅट भांड्यातल्या गरम पाण्यात टांगून तो उघडतो का हे बसवण्याआधीच पाहता येते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

क्लच आणि गिअरबॉक्सबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलावे, कारण गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी त्या दोन्ही भागांपेक्षा महाग पडते.

ब्रेक आणि पाटे

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल इंजिनासारखी ओढ नसते, म्हणून ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून मिळतो. जुन्या पिकअपमध्ये हा पंप बहुधा डायनामोच्या मागच्या बाजूला बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचेच ऑइल मिळते. डायनामो बदलताना ही ऑइलची नळी नीट न जोडल्यास पंपाच्या पात्या काही दिवसांतच झिजतात आणि ब्रेक दगडासारखा कडक होतो. तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, शेवटच्या वेळी पाय तसाच ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही तर व्हॅक्यूमची नळी, एकेरी व्हॉल्व्ह आणि पंप याच क्रमाने तपासावे. घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे किती घातक आहे, हेही या रचनेवरून लक्षात येते.

आता सर्वांत लोकप्रिय बदलाकडे वळू. जादा माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगला एक-दोन पाटे (पोलादी पट्ट्या) जास्त चढवले जातात. ज्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे या बदलाचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. हा व्हॉल्व्ह एका दांड्याने मागच्या अॅक्सलला जोडलेला असतो आणि चॅसी किती खाली बसली आहे यावरून भार ओळखतो. पाटे वाढवल्यावर माल भरूनही चॅसी खाली बसत नाही. व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागच्या चाकांना कमी ब्रेक देतो. म्हणजे माल वाढतो आणि नेमका तेव्हाच ब्रेक घटतो. त्यामुळे मी जादा पाटे चढवण्याच्या बाजूने नाही. थकलेले मूळ पाटे काढून, बुश, शॅकल पिन आणि सेंटर बोल्टसह त्याच मापाचा नवा संच बसवावा, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याची लांबी पुस्तिकेप्रमाणे जुळवावी. नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाची मर्यादा पाटे वाढवल्याने वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत आणि गाडी भार घेऊन काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावेत.

चॅसी, हौदा आणि कायदा

कोकणात मासे वाहणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून खारे पाणी चॅसीवर आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर सतत गळत राहते. अशी गाडी विकत घेताना किंवा दुरुस्तीला घेताना आधी खालून पाहावी. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून, केसासारखी चीर आहे का ते तपासावे. ब्रेकच्या नळीवर फोड आलेले असतील तर नळी घासून रंगवू नये, बदलावी. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची आणि डायनामोची जोडणी सोडवावी. हौदा बांधण्यासाठी चॅसीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडू नये, कारण वाकण्याचा ताण सर्वाधिक तिथेच येतो. मूळची भोके किंवा उभ्या बाजूवरचे कंस वापरावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या आहेत. टर्बो नसलेल्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढवण्याचा मोहही आवरावा. पिस्टन, हेड गॅस्केट, ऑइल कूलर आणि रेडिएटर हे सगळे वाढीव उष्णतेसाठी मुळातच वेगळे बनवलेले असावे लागतात. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी करावी लागते, आणि असे बदल तिथे अडतात.

कायद्यात बसणारे आणि खरोखर उपयोगी पडणारे बदल याहून लहान आहेत. टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये तळाला नळ असलेला चांगला पाणी-विलगक बसवावा. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशर आणि पाण्याचे तापमान दाखवणारे आकड्यांचे गेज लावावेत, कारण मूळचा लाल दिवा पेटेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी जाड अर्थिंग पट्टी काढून, दोन्ही टोकांची जागा लोखंड चमकेपर्यंत घासून नवी बसवावी. सेल्फ जोर धरत नाही अशा अनेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात. हेडलाइट मंद असतील तर जास्त वॅटचे बल्ब घालू नयेत, कारण जुन्या तारा आणि स्विच तो भार पेलत नाहीत. त्याऐवजी बॅटरीजवळून फ्यूज घेऊन, अप्पर आणि डिपरसाठी स्वतंत्र रिले बसवावेत आणि मूळचा ६०/५५ वॅटचाच बल्ब ठेवावा. आधी आणि नंतर इंजिन चालू ठेवून बल्बच्या टोकावरचा व्होल्टेज मीटरने मोजून लिहून ठेवावा. रिलेची जोडणी बरोबर असेल तर नंतरचा आकडा बॅटरीच्या आकड्याच्या अगदी जवळ येतो, आणि तो आला नाही तर हेडलाइटकडची अर्थिंगची तार तपासावी.